खालून आलेला पुतण्या

सबंध आयर्लंडमध्ये ओळखीचं माणूस भेटणार नाही अशी एकच वाट आहे, आणि ती मी शोधून काढली होती!

"ओर्ला," टोस्टला लोणी फासता फासता मी जाहीर केलं, "शनिवारी आपण दोघं सायकलनं समुद्रावर जायचं. जुन्या रेल्वेच्या वाटेनं. रूळ काढून किती झकास वाट केलीय आता! मोटारी नाहीत, दुकानं नाहीत, कुणाचं दार नाही की फाटक नाही. मी थांबीन तरी कुणासाठी?"

"तू ना, विजेच्या खांबालासुद्धा त्याच्या आईची तब्येत विचारत उभा राहशील," ओर्ला म्हणाली.

बायको आहे, बोलायचीच. पण तिचं अगदीच चूक होतं असंही नाही. क्लोनबेगमध्ये आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे घ्यायला आलेला माणूस खिळे घेऊन जातो आणि घरातली सगळी खबर माझ्यापाशी ठेवून जातो. मग तो रस्त्यात दिसला की त्या खबरीचं पुढे काय झालं हे मला विचारायला नको? "दोनच मिनिटं!" असं ओर्लाला सांगून मी गाडीतून उतरतो. बस, एवढंच! आता त्यात कधी नाटकाचा पहिला अंक हुकतो, कधी बोट सुटते. मधुचंद्राला निघालो तेव्हा पेट्रोलपंपावर मला शाळेतले मास्तर भेटले. आमचा मधुचंद्र मास्तरांच्या घरीच पार पडला. मास्तर फार प्रेमळ. त्यांनी ओर्लाला आपल्या कोंबड्यासुद्धा दाखवल्या.

पण यंदा प्रकरण गळ्याशी आलं होतं. पुढच्या महिन्यात ओर्लाला पन्नास वर्षं पुरी होणार होती आणि वाढदिवसाला तिला स्पेनला जायचं होतं. कुणाबरोबर, एवढंच ठरायचं होतं. तिची बहीण डिम्फना रोज संध्याकाळी फोन करून "मग? ठरलं का?" विचारत होती.

"हे बघ, मॅलकी," ओर्लानं लोण्याची सुरी माझ्यावर रोखली. "शनिवारी आपण समुद्रावर पोचलो आणि सबंध दिवस तू माझ्याशिवाय कुणाशी बोलला नाहीस, तर स्पेनला तू. नाहीतर डिम्फना. मग तू बस दुकानात खिळ्यांशी गप्पा मारत!"

"मंजूर!" मी म्हटलं. इतकी सोपी अट घातली म्हणून मला तिची जरा कीवच आली.

माझी योजना पक्की होती. मुळात मला कुणी ओळखलंच नाही, तर बोलणार कोण? मी मोठं हेल्मेट घेतलं. अर्धा चेहरा झाकेल असा काळा चष्मा घेतला. झगझगीत पिवळा सदरा घेतला, आणि सायकलवाले घालतात तसली घट्ट चड्डी घेतली, जिला बसायच्या जागी आतून जाडजूड गादी शिवलेली असते. आरशासमोर उभा राहिलो तर मला मीच ओळखू आलो नाही.

"कसा दिसतो?"

"बेडूक दिसतोस," ओर्ला म्हणाली. "पण ओळखू येत नाहीस. चल."

"मध्ये चढ आहे का रे?" निघता निघता तिनं विचारलं.

"अगं, रेल्वेची वाट! इंजिनाला चढ झेपतो का?"

इंजिनाला वाफ होती हे माझ्या नंतर लक्षात आलं. वाट नॉकमोरच्या टेकडीपर्यंत अशी काही हळूहळू वर जाते की डोळ्यांना सपाट दिसते, पण गुडघ्यांना बरोबर कळतं! त्यात वारा समोरून. आमच्याकडे वारा नेहमी समोरूनच असतो. परत येताना तो वळून पुन्हा समोर येतो.

आणि माणसं! वाटेच्या तोंडाशी मोठी पाटी होती: 'ही वाट सर्वांसाठी आहे.' पंधरवडाभर पाऊस लागून नेमकं त्या दिवशी ऊन पडलं होतं, आणि पाटी वाचून सर्व आले होते! बाबागाड्या, म्हाताऱ्यांची चालणारी मंडळं, दोरी लावलेले कुत्रे, दोरी तोडलेले कुत्रे, तट्टावर बसलेल्या मुली. दर झाडाआड एक ओळखीचा चेहरा. मी ओठ घट्ट मिटले. काय वाट्टेल ते झालं तरी बोलायचं नाही!

पण बोटाचं काय करणार?

आमच्याकडे समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं. ओळख असो वा नसो. नाही उचललं तर लोक घरी जाऊन म्हणतात, "मॅलकीला काय झालंय? आजारी आहे की श्रीमंत झालाय?" बोलू नकोस असं ओर्ला म्हणाली होती. बोट उचलू नकोस असं काही म्हणाली नव्हती. तेव्हा मी दर माणसामागे एक बोट उचलत निघालो. माझा अंदाज जरा चुकला तो एवढाच, की मोटारीत त्या बोटाला दुसरं काम नसतं. सायकलवर त्याच बोटाखाली ब्रेक असतो!

तट्टावरच्या एका मुलीनं चाबूक उंचावून मला फार झोकात सलाम केला. एवढ्या सलामाला एक बोट कसं पुरणार? मी अख्खा हात उचलला. सायकल वळली, तट्टू वळलं, मुलगी किंचाळली आणि मी पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपात डोकं आत, गादी बाहेर अशा स्थितीत जाऊन पडलो.

ओर्लानं मला पायाला धरून बाहेर ओढलं. मी धड होतो. चड्डी नव्हती. मागच्या बाजूला ती टराटरा फाटली होती आणि आतली गादी शेपटीसारखी बाहेर लोंबत होती.

"बोललो का मी एक शब्द तरी?" मी अभिमानानं विचारलं.

ओर्लानं पिशवीतून माझा रेनकोट काढला. चांगला गुडघ्यापर्यंत येणारा, काळा कुळकुळीत. "हा घाल. गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लाव. आणि उघडू नकोस, लोक पोरांना घेऊन आलेत." मग तिनं माझ्या सायकलकडे पाहिलं. साखळी निखळून पडली होती. "ती बसव आणि ये. मी हळूहळू पुढे होते. आणि मॅलकी..."

"हां?"

"कुणाशीही नाही!"

ती गेली. साखळी बसवायला मला पुष्कळ वेळ लागला. दुकानात गिऱ्हाइकाला ती कशी बसवायची हे मी उत्तम समजावून सांगतो, पण ते वेगळं. हात काळे झाले. ते मी तोंडाला पुसले असणार, कारण पुढे लोक त्याबद्दल हळहळले.

नॉकमोरच्या टेकडीवर वाट गावचा रस्ता ओलांडते. मी धापा टाकत फाटकाशी पोचलो, तो समोरून अंत्ययात्रा! पुढे काळी शववाहिका पावलापावलानं चाललेली, मागे सगळं गाव.

आता तुम्ही म्हणाल, थांबायचं, यात्रा जाऊ द्यायची आणि आपली वाट धरायची. तसं आमच्यात चालत नाही. अंत्ययात्रा समोर आली की टोपी काढायची, वळायचं आणि मेलेल्या माणसाबरोबर चार पावलं चालायचं. मग तो कुणी का असेना! न चालता पुढे गेलात तर पुढची पाळी तुमची, असं माझी आई सांगायची. ओर्लाची अट मोठी खरी, पण एवढी मोठी नाही. शिवाय मेलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही.

मी सायकल हातात धरली आणि चालू लागलो. हेल्मेट मात्र काढलं नाही, कारण ते काढलं असतं तर कुणीतरी ओळखलं असतं. तेवढ्यात काळे हातमोजे घातलेले एक उंच गृहस्थ माझ्या बाजूला आले. अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारे ते टियरनी. त्यांनी माझ्या काळ्या कोटाकडे पाहिलं, काळ्या चष्म्याकडे पाहिलं, बरबटलेल्या गालांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "खालून आलात?"

नॉकमोरचे लोक आम्हा क्लोनबेगवाल्यांना 'खालचे' म्हणतात. ते टेकडीवर राहतात, आम्ही पायथ्याला.

"हो, खालूनच," मी म्हटलं. याला बोलणं म्हणत नाहीत, उत्तर देणं म्हणतात.

"फार लांब पडलं असेल तुम्हाला."

"लांब? अहो, कंबर धरली! आणि वारा सगळा समोरून!"

टियरनींचे डोळे मोठे झाले. "म्हणजे... सायकलवरनं?"

"बायकोची अट होती."

"आणि त्या कुठायत?"

"पुढे गेली. समुद्रावर भेटणार."

टियरनींनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. "धन्य आहात! इथे सगळे म्हणत होते, तो काही यायचा नाही, विमानच मिळत नाही म्हणे. या, पुढे या. तुमची जागा पुढे आहे."

क्लोनबेगहून यायला विमान कशाला लागतंय याचा विचार करेपर्यंत माझी सायकल कुणीतरी काढून घेतली होती, मला दंडाला धरून शववाहिकेच्या मागे अगदी पहिल्या रांगेत आणलं होतं, आणि एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या म्हातारीनं माझा हात आपल्या हातात घट्ट अडकवला होता.

"आलास, कॉर्मक!" म्हातारी म्हणाली. "मला ठाऊक होतं, तू येशील."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! आमच्याकडे ऑस्ट्रेलियालासुद्धा 'खाली'च म्हणतात. जगाच्या पार खालचा देश तो. या घरचा कुणी पुतण्या तिथून यायचा होता!

"अहो बाई, मी काही कॉर्मक..."

ढाण्! चर्चची घंटा वाजली.

"हो रे बाळा, कॉर्मकच तू. आत्या म्हण मला, बाई काय?"

"नाही, म्हणजे ऐका, मी कॉर्मक..."

ढाण्!

मागून एक बाई मोठ्यानं हुंदका देऊन म्हणाली, "दोनदा सांगतोय बिचारा, मी कॉर्मक, मी कॉर्मक म्हणून. तिला आता दिसत नाही गं नीट!"

यावर काय करणार? सबंध गाव मागे रडतंय, अशा वेळी वळून "मंडळी, मी हार्डवेअरवाला" असं सांगायला वाघाचं काळीज लागतं. मी ठरवलं, गावाच्या वेशीपर्यंत जायचं आणि गुपचूप सटकायचं. दोनच मिनिटं!

त्या दोन मिनिटांत लोक माझ्याशी बोलायला लागले.

"तुझे काका म्हणजे काय माणूस होता!" एक जण म्हणाला.

"माणूस म्हणजे माणूस होता!" मी म्हटलं. दोघा-तिघांनी डोळे पुसले.

"शब्दाला पक्का."

"शब्द म्हणजे शब्द!"

"आणि मासे? माशातलं त्याला जे कळायचं..."

"माशांचं तर नावच काढू नका," मी गहिवरून म्हणालो. मला खरंच गहिवरून आलं होतं. इतक्या चांगल्या माणसाला मी जिवंतपणी एकदाही भेटलो नाही याचं वाईट वाटत होतं. मग मी विचारलं, त्यांचा गुडघा शेवटी शेवटी कसा होता? गुडघा दुखत असणारच असा माझा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला. त्यावरून प्रत्येकाच्या गुडघ्याची गोष्ट निघाली. अटीची मला मधूनमधून आठवण येत होती, नाही असं नाही.

वेशीवर टियरनींनी मोटारीचं दार उघडलं. "बसा, कॉर्मकसाहेब."

"कुठे?"

"ट्रॉबॉनला. घराण्याच्या थडग्यात. समुद्राकाठचं कब्रस्तान, आठवत नाही? लहानपणी पाहिलं असेल तुम्ही."

ट्रॉबॉन! आमची वाट जिथे संपते तो समुद्र! मी क्षणभर थबकलो. म्हणजे मी समुद्रावर पोचणार होतो. आणि तेसुद्धा पायडल न मारता!

"माझी सायकल?"

"ती पुढे ठेवलीय," टियरनी म्हणाले. "काकांजवळ."

खरंच, शववाहिकेच्या काचेतून फुलांच्या चक्रांमध्ये माझी सायकल दिसत होती. रस्त्याला खड्डा आला की सायकलची घंटा वाजायची. ट्रिंग! बाजूचे लोक टोप्या काढून उभे असायचे, आणि शवपेटीजवळून आवाज यायचा, ट्रिंग! एक म्हातारा तर घाबरून बाजूला सरला.

पुढे रस्ता आणि रेल्वेची वाट एकमेकींना लागून जातात. मध्ये फक्त कुंपण. आणि त्या कुंपणापलीकडे, मान खाली घालून, वाऱ्याशी झुंजत ओर्ला सायकल मारत होती. मी सीटमध्ये खाली सरकलो.

ओर्लाला शववाहिकेची चाहूल लागली. शहाण्या घरची बाई ती, लगेच उतरली, हेल्मेट काढलं, मान लववली. शववाहिका तिच्यासमोरून गेली. ट्रिंग! तिनं मान वर केली. काचेतली सायकल पाहिली. ती सायकल तिनंच मला वाढदिवसाला दिलेली होती. तिचा चेहरा पांढरा फटक पडला. म्हणजे, तिला वाटलं की... बिचारी! मला ते पाहवेना. तिला धीर द्यायलाच हवा होता. पण मोटारीत आत्याबाई शेजारी, ओरडता येईना. तेव्हा आमची मोटार तिच्यासमोर आली तसं मी खिडकीशी सरकून एक बोट वर केलं.

तिचा चेहरा पांढऱ्याचा तांबडा होताना मी मागच्या काचेतून बराच वेळ पाहिला.

ट्रॉबॉनचं कब्रस्तान अगदी वाळूच्या वर आहे. वारा असा की उभं राहवेना. टियरनींनी शवपेटी बाहेर काढवली आणि खांदा द्यायला माणसं उभी केली. पाच शेजारी होते. सहावी जागा मोकळी होती.

"घरचा माणूस," टियरनी म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पाच जणांच्या खांद्यावर पेटी एका बाजूला कलते, आणि कललेल्या पेटीची गोष्ट गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मी खांदा दिला. दोन्ही हात पेटीला गुंतले, आणि नेमका त्याच वेळी समुद्रावरून असा वारा आला की माझ्या रेनकोटाची खालची बटणं एकामागून एक तटातट उडाली आणि मागची बाजू थेट डोक्यावर गेली!

मागे सगळं गाव होतं. गादी वाऱ्यावर हलत होती, ते मला जाणवत होतं.

"तिकडे असंच घालत असतील," कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. "गरम हवा असते ना खाली."

प्रार्थना झाली. माती पडली. मग घरच्यांनी रांगेत उभं राहायचं आणि सगळ्या गावानं येऊन हात मिळवायचा. घरचे म्हणजे आत्याबाई आणि मी. "वाईट झालं." "वाईट वाटलं हो." "तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं." मी पुढून कोट घट्ट धरून एकेकाचा हात हलवत होतो. एवढ्यात एक ओळखीचा जाड पंजा पुढे आला. जार्लथ! आमच्या क्लोनबेगचा खाटीक! याला सांगितलेली गोष्ट दुकान बंद व्हायच्या आत सगळ्या गावभर होते.

तो "वाईट वाटलं" म्हणता म्हणता थांबला. त्याची नजर खाली गेली. "मॅलकी? हे गुडघे तर तुझेच!"

"श्श! नंतर सांगतो."

"अरे, यांचा कोण तू?"

"पुतण्या. तात्पुरता."

जार्लथनं माझा हात पुन्हा धरला आणि मनापासून हलवला. "बोलला नाहीस कधी! फार वाईट वाटलं रे."

रांग पुढे सरकली. आणि रांगेच्या शेवटी, हेल्मेट काखेत धरून, वाऱ्यानं केस पिंजारलेली, घामानं निथळणारी ओर्ला उभी होती! आपली पाळी येईपर्यंत ती शांतपणे थांबली. आत्याबाईंना तिनं मायेनं जवळ घेतलं. मग माझ्यासमोर आली. माझा हात हातात घेतला.

"तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं," ती म्हणाली. मग हात जरा जास्तच दाबून तिनं पुढे जोडलं, "आणि पुढे जे व्हायचंय त्याबद्दल तर फारच वाईट वाटतं."

लोक पांगले. आता मात्र मला राहवेना. स्पेन तर गेलंच होतं, निदान म्हातारीला तरी फसवायला नको. मी हेल्मेट काढलं, चष्मा काढला आणि म्हणालो, "आत्याबाई, मला माफ करा. मी कॉर्मक नाही. मी मॅलकी, क्लोनबेगचा. माझं हार्डवेअरचं दुकान आहे."

"ठाऊक आहे," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कॉर्मकचा सकाळीच फोन आला होता, येत नाही म्हणून. अरे, तो तुझ्यापेक्षा हातभर उंच आहे. लोकांना वाटतं मला दिसत नाही. वाटू दे, बरं असतं ते." त्यांनी हातरुमालानं माझ्या गालावरचं वंगण पुसलं. "तू चार पावलं चालून निघून गेला असतास. मग सहावा कुठून आणला असता मी? माझा भाऊ कलता जायला नको होता रे. म्हटलं, हा थांबणाऱ्यातला दिसतोय, याला धरून ठेवावं."

ओर्ला माझ्याकडे पाहत होती. मग पहिल्यांदाच ती हसली. आधी गालातल्या गालात, आणि मग माझी मागची बाजू पाहून मोठमोठ्यानं!

आत्याबाई गेल्या. आम्ही सायकली घेतल्या आणि वाळूच्या वरच्या बाकावर येऊन बसलो. समोर समुद्र, वर ऊन, आजूबाजूला चिटपाखरू नाही. ओर्लानं डब्यातली अंड्याची सँडविचं काढली, चहा ओतला.

"मॅलकी," ती म्हणाली, "त्या बाईंचं बघून तुला एक संधी देते. समुद्र आलाय. तूही आलायस, कसा का असेना. आता इथून निघेपर्यंत फक्त माझ्याशी बोलायचं. जमलं तर स्पेन तुझं. दुसऱ्या कुणाशी एक शब्द जरी बोललास, तर डिम्फनाला फोन."

"मंजूर!"

"बोल मग."

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, एक अक्षर सुचेना! अर्ध्या परगण्याच्या गुडघ्यांची विचारपूस करून आलेला मी, आणि स्वतःच्या बायकोशी काय बोलावं ते कळेना. तिच्या आईची तब्येत मला ठाऊक होती. तिचे गुडघे उत्तम होते. समोर भरतीचं पाणी येत होतं, ते दोघांनाही दिसत होतं.

"फार चांगला माणूस होता," मी शेवटी म्हणालो.

"कोण?"

"गेला तो."

"नाव काय होतं त्याचं?"

मी सँडविच खाल्लं.

ओर्लानं उसासा टाकला. आम्ही बसून राहिलो. मला वाईट वाटत होतं. हिला वर्षानुवर्षं मी नुसतं मोटारीत थांबवलं, आणि आता एकटी माझ्या वाट्याला आली तर माझी जीभच उचलत नाही. मी हळूच तिचा हात धरला. तिनंही तो धरू दिला. तेवढं मात्र बरं वाटलं.

आणि नेमका तेव्हाच वाळूवरून एक म्हातारा आला. टोपी, काठी, शेजारी एका कानाचा कुत्रा. एका कानाचा! दुसरा कान कुठे गेला? कधी गेला? कुणी नेला? म्हातारा थेट आमच्या बाकापाशी आला, थांबला, आकाशाकडे बघून म्हणाला, "टिकेलसं वाटतंय ऊन."

मी ओठ दाताखाली धरले. स्पेन! स्पेन! बोट वर जायला लागलं, ते मी गादीखाली दाबून ठेवलं आणि त्याच्यावर बसलो. म्हातारा वाट पाहत उभा. कुत्राही उभा. कुणी काही बोलेना. अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती!

"अगं बाई, याच्या कानाला काय झालं हो?"

मी दचकून पाहिलं. आवाज ओर्लाचा होता!

मग काय! कान खेकड्यानं नेला होता. म्हातारा तिच्या मावशीच्या गावचा निघाला. तिच्या मावशीला तो एकदा नाचायला घेऊन गेला होता, आणि मावशीनं ते घरी कुणालाच सांगितलं नव्हतं! ओर्ला सरकली, म्हातारा बाकावर बसला. माझा चहा त्याला दिला गेला, उरलेलं सँडविच कुत्र्याला. मावशीवरून गोष्ट मावशीच्या नवऱ्यावर गेली, तिथून कुणाच्या तरी गायीवर गेली. पाणी भरून आलं आणि ओसरायला लागलं. ऊन गेलं. माझी मागची बाजू गारठली.

शेवटी मी उठलो, सायकल हातात धरली आणि जन्मात कधी न म्हटलेलं वाक्य म्हणालो, "ओर्ला, चल ना आता, उशीर होतोय."

तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसता हात हलवला आणि म्हणाली,

"दोनच मिनिटं!"